‘एकच प्याला’ शिकवताना दारूच्या अलीकडे काय आहे ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.च्या वर्गाला तुम्ही राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ शिकवताय. आशयसूत्रं सांगायला घेतली की मुलं ‘दारूने संसाराची राखरांगोळी होते’ एवढं वहीत लिहून पेन खाली ठेवतात, मुलींना सगळं सोसणाऱ्या सिंधूचा, म्हणजे नायक सुधाकराच्या बायकोचा, राग येतो, आणि उरलेल्या तासांत काय बोलायचं ते तुम्हाला सुचत नाही. हे नाटक मी वेगवेगळ्या अभ्यासक्रमांत मिळून अकरा वेळा शिकवलं आहे. पहिल्या दोन-तीन वेळा माझंही अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला वाटतं अडचण मुलांची नाही, आपण ‘आशयसूत्र’ हा शब्द ज्या पद्धतीने वापरतो त्याची आहे. गाइडमध्ये आशयसूत्र म्हणजे एक नाम असतं: व्यसनाधीनता, पातिव्रत्य, मैत्री. नाम हाताला लागलं की मुलांचं काम संपतं, आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण आपणच ते काम तेवढं ठेवलेलं असतं. नाटकात मात्र नामं नसतात. कुणीतरी एका क्षणी काहीतरी ठरवतं आणि त्यातून पुढचं सगळं घडत जातं. म्हणून ‘या नाटकाचा विषय काय?’ हा प्रश्न मी पहिल्या तासाला विचारणं सोडून दिलं. त्याऐवजी दर प्रवेशाला एकच विचारते: इथे याला दुसरं काय करता आलं असतं, आणि त्याने ते का केलं नाही? ‘का केलं नाही’चं उत्तर शोधताना आशयसूत्र आपोआप हाती येतं, आणि ते मुलांचं स्वतःचं असतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. वर्गात पंचवीस मुलं असतील तर वाचन आणि चर्चा यांवर सगळं चालवता येतं. शंभर-सव्वाशे असतील तर चर्चा पुढच्या दोन बाकांपुरतीच राहते, तिथे लेखी उत्तरांचा आधार घ्यावा लागतो. सत्रात पंधराच तास मिळत असतील तर पाचही अंक ओळीने वाचायचा हट्ट धरू नका. आणि तुमच्या भागात घरोघरी दारूचा प्रश्न किती जवळचा आहे, यावर तर फार काही ठरतं. त्याबद्दल पुढे लिहिते.

सुरुवात कुठून करायची? दारूपासून नको. सुधाकर बाटलीला हात लावतो त्याच्या अलीकडे थांबा. हा माणूस हुशार आहे, गरिबीतून स्वतःच्या बुद्धीवर वर आलाय, वकील आहे, आणि विलक्षण मानी आहे. तरुण मुन्सफाशी, म्हणजे कनिष्ठ न्यायाधीशाशी, त्याचा खटका उडतो, शब्दाला शब्द लागतो, आणि सहा महिन्यांसाठी त्याची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, रद्द होते. वर्गात मी इथे तासभर तरी थांबते. सनद म्हणजे काय, ती गेली म्हणजे नेमकं काय गेलं, हे मुलांना माहीत नसतं. पैसा जातो हे त्यांना लगेच समजतं. पण ज्या कोर्टात त्याच्या शब्दाला वजन होतं, तिथे त्याला तोंड उघडायची परवानगी उरली नाही, हे समजायला वेळ लागतो. मग मी विचारते, तुमचा चारचौघांत अपमान झाला तर घरी गेल्यावर तुम्ही काय करता? कुणी जेवत नाही, कुणी आईवर चिडतं, कुणी रात्रभर मनातल्या मनात उत्तरं देत बसतं. ही ‘रात्रभर उत्तरं देत बसलेली’ मुलं सुधाकराला सगळ्यांत लवकर ओळखतात. दारू त्याला आनंदासाठी नको असते. डोक्यातला तो प्रसंग बंद पडावा म्हणून हवी असते. हे एकदा वर्गाला कळलं की नाटक दारूबंदीच्या भिंतीवरच्या पाटीतून बाहेर येतं.

मग येतो तळीराम, सुधाकराचा कारकून. ‘फक्त एकच प्याला’ असं म्हणत तो पेला पुढे करतो. इथे मी एक छोटा प्रयोग करते, तो तुम्ही जरूर करून बघा. फळ्यावर ‘एक प्याला’ आणि ‘एकच प्याला’ असं एकाखाली एक लिहायचं आणि विचारायचं, या ‘च’ने काय बदललं? पहिलं उत्तर येतं: जोर दिला. कशावर जोर? कमीपणावर. म्हणजे ‘च’ सांगतो की यापुढे काही नाही. आता दोघातिघांना उभं करून ते वाक्य तीन प्रकारे म्हणायला लावायचं: आजाऱ्याला औषध देताना, लहान मुलाला शेवटचा घास भरवताना, आणि मित्राला भरीला घालताना. तिन्ही वेळा शब्द तेच असतात. तळीरामाच्या तोंडी हे तिन्ही सूर एकदम आहेत, म्हणून सुधाकर फसतो. आणि मग शेवटच्या अंकापर्यंत हा ‘च’ वर्गाच्या लक्षात ठेवायला सांगायचा. मूल गेलंय, सिंधू गेली आहे, आणि सुधाकर विष मिसळलेला पेला हातात घेतो. तोही एकच. सुरुवातीला जो ‘च’ खोटा होता तो शेवटी खरा होतो. ही जागा मी सांगून टाकत नाही. अकरापैकी आठ-नऊ वेळा वर्गातल्या कुणीतरी ती स्वतः पकडली आहे, आणि ज्या वर्षी कुणीच पकडली नाही त्या वर्षीही मी ती शेवटच्या तासापर्यंत राखून ठेवली होती.

इथे एक सावधगिरी. ‘एकच’वरून मुलं लगेच ‘एकच रील’, ‘एकच मॅच’ असं बोलू लागतात. बोलू द्या, पण मिनिटभरच. तुलना लांबली की नाटक हातातून सुटतं आणि तास व्यसनमुक्तीच्या व्याख्यानाकडे जातो.

तळीराम आणि त्याच्या दारूबाज सोबत्यांच्या ‘आर्य मदिरा मंडळा’चे प्रवेश बरेच शिक्षक वेळ नाही म्हणून गाळतात, किंवा ‘विनोदी उपकथानक’ म्हणून दोन वाक्यांत उरकतात. माझ्या मते तो मोठा तोटा आहे. बाळकराम या नावाने विनोद आणि गोविंदाग्रज या नावाने कविता लिहिणाऱ्या एकाच हाताने तळीरामाच्या कोट्याही लिहिल्या आणि सिंधूचं दुःखही लिहिलं. त्यामुळे हे दोन्ही भाग एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत. हे प्रवेश मी वर्गात मुलांकडूनच वाचून घेते, मोठ्याने, हावभावांसकट. वर्ग खदखदून हसतो. हसू द्यायचं, मध्ये पडायचं नाही. दारूच्या समर्थनार्थ तिथे जो युक्तिवाद चालतो तो ऐकायला खरोखर बिनतोड वाटतो. चार-पाच तासांनी सुधाकराचं घर रिकामं होत जातं, तेव्हा मी विचारते: आपण तळीरामाला हसायचं नेमकं कधी थांबवलं? वर्गात शांतता पसरते. मुलांच्या लक्षात येतं की सुधाकर जसा हसत-हसत मंडळात गेला तसे आपणही गेलो होतो. व्यसनाला माणसांची सोबत लागते, गंमत लागते, हे आशयसूत्र कुठल्याच गाइडमध्ये इतकं अंगाला भिडत नाही. आजही मराठी वर्तमानपत्रं दारुड्याला सरसकट ‘तळीराम’ म्हणतात. त्या नावाचा माणूस मुळात दुसऱ्याच्या हातात पेला देणारा होता, हे वाचणाऱ्यांपैकी किती जणांना आठवतं असं मुलांना विचारून बघा.

आता सिंधू. तुमच्या वर्गातल्या मुलींना तिचा राग येतो ही चांगली खूण आहे, ती दडपू नका. ‘त्या काळी असंच होतं’ हे उत्तर तर मुळीच देऊ नका. त्याने चर्चा तिथेच संपते, आणि ते पूर्ण खरंही नाही, कारण त्याच काळातली, त्याच नाटकातली गीता समोर उभी आहे. गीता तळीरामाची बायको. तिच्याकडे सिंधूसारखं श्रीमंत माहेर नाही, शिक्षणाचा आव नाही, पण ती नवऱ्याला तोंडावर सुनावते, गप्प बसत नाही. गडकऱ्यांनी या दोघींना शेजारी-शेजारी ठेवलं आहे. नाटककाराचं मन कुणाकडे झुकतं हे उघड आहे, तो सिंधूला मखरात बसवतो. पण रोखठोक बोलायचं काम त्याने गीताला दिलं, हेही तितकंच उघड आहे. हा ताण मुलांना दाखवा आणि सोडवू नका. काळाची माहिती द्यायचीच तर नेमकी द्या: नाटक रंगभूमीवर आलं त्या १९१९ साली हिंदू पत्नीला कायद्याने घटस्फोट मागण्याची सोय नव्हती, हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली. म्हणजे सिंधूपुढे प्रत्यक्षात दोनच वाटा होत्या, माहेर किंवा हेच घर. भाऊ पद्माकर न्यायला येतो तेव्हा पहिली वाट उघडी असते, आणि ती जात नाही. का नाही? इथे पातिव्रत्य हे उत्तर आहे, पण ते पहिलं उत्तर आहे. दुसरं आणि तिसरं उत्तर मुलांकडून येऊ द्या.

तिसरं उत्तर मला एका विद्यार्थिनीनेच दिलं, आणि ते सांगण्यासाठी माझी एक चूक सांगावी लागेल. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी उत्साहाने वर्गात विचारलं होतं, ‘तुमच्या आसपास असा कोणी सुधाकर आहे का?’ दोन-तीन मुलांनी गल्लीतल्या कुणाच्या तरी नकला केल्या, वर्ग हसला. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी मान खाली घालून वहीच्या समासात रेघा ओढत बसली होती. पुढचा आठवडाभर ती आली नाही. तिच्या घरी काय चाललं होतं ते मला नंतर समजलं आणि मी मनातून हलले. परत आल्यावर ती एकदा स्टाफरूमच्या दाराशी थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, वर्गात सगळे म्हणतात सिंधू मूर्ख आहे. ती मूर्ख नाही. ती मोजत असते.’ काय मोजते, असं मी विचारलं. ‘आज किती झालीये, जिन्यावर पाऊल कसं पडतंय, आवाज कसा आहे, पोराला कुठे ठेवायचं. ज्याला मोजायचं असतं त्याला भांडता येत नाही.’

त्या वाक्यानंतर मी सिंधूचे सगळे प्रवेश पुन्हा वाचले, आणि तिचं गप्प राहणं मला पहिल्यांदा काम म्हणून दिसलं. तेव्हापासून घरचं कधीही विचारत नाही. माणसांबद्दल नाही, पात्रांबद्दलच बोलायचं, हा नियम पहिल्याच तासाला सांगते. ज्याला काही सांगावंसं वाटेल तो कागदावर लिहून देतो, नाव न घालता. आणि नाटक सुरू करण्याआधी एवढं म्हणून ठेवते की एखाद्या दिवशी कुणाला बाहेर जावंसं वाटलं तर कारण विचारणार नाही. तुमच्या भागात हा प्रश्न जवळचा असेल तर एवढी तयारी केल्याशिवाय शेवटच्या अंकाकडे जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दळणाचा भागही जवळून दाखवण्यासारखा आहे. श्रीमंत घरची मुलगी लोकांची दळणं दळून पोट भरते, हे वाक्य मुलं भराभर वाचून पुढे जातात. त्यांच्यातल्या बहुतेकांनी जातं फिरवलेलं नसतं. एका वर्षी शिपाईमामांनी त्यांच्या घरचं जुनं जातं सायकलवर लादून आणलं. व्हॉलीबॉल खेळणारा एक दणकट मुलगा पुढे आला, पोतं अंथरून बसला, मूठ-मूठ ज्वारी घालत खुंटा ओढू लागला. पाच मिनिटांनी हात बदलला, दहा मिनिटांनी थांबला. जात्याभोवती पीठ होतं दोन ओंजळी, आणि तेही भरड. ‘यावर एक भाकरी होईल,’ मागून एक मुलगी म्हणाली. मग आम्ही पुस्तक उघडलं. त्या दिवशी सिंधूचं भाषण कुणाला कृत्रिम वाटलं नाही.

भाषेची तक्रार तुम्ही केलेली नाही, पण ती येणार. लांबच लांब स्वगतं, अलंकारांची आतषबाजी, कोट्यांवर कोट्या. ‘असं कोण बोलतं?’ असं मुलं विचारतात. मी सांगते, वकील बोलतो. सुधाकराचं कोर्ट बंद झालं आहे, पण त्याच्यातला वकील बंद झालेला नाही. तो घरात, रस्त्यात, मित्र रामलालसमोर वाद घालत राहतो, आणि हळूहळू स्वतःच्याच विरुद्ध खटला चालवू लागतो. दारू सोडायचा निश्चय करून तो कामासाठी लोकांच्या दारी जातो, तिथे पुन्हा अपमान वाट्याला येतो, आणि तो परत पेल्याकडे वळतो. त्यानंतर या एका प्याल्याचं वर्णन तो ज्या तपशिलाने करतो, ते मला आरोपपत्रासारखं वाटतं. ते भाषण मुकाट्याने वाचण्यात अर्थ नाही. उभं राहून, दम लागेपर्यंत मोठ्याने वाचायचं. १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला तेव्हा गणपतराव बोडस सुधाकर होते आणि बालगंधर्व सिंधू. ही वाक्यं ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची होती हे सांगितलं की मुलांना त्यांची लांबी आणि लय कळते. गडकरी तो प्रयोग पाहू शकले नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत सावनेरला ते गेले, वय अवघं तेहेतीस. नाटकातली पदंही त्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांनी लिहिली.

परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणजे ‘एकच प्याला ही शोकात्मिका आहे का?’ हा अगदी शेवटी घ्या. आधी अॅरिस्टॉटलची शोकात्मिकेची व्याख्या सांगितली तर मुलं नाटकाला तिच्या साच्यात कोंबतात. माझी मांडणी अशी असते: दोष बाटलीचा असेल तर हे प्रचाराचं नाटक आहे, दोष सुधाकराच्या स्वभावातला असेल तर शोकात्मिका. पारडं कुठे झुकतं ते पुराव्याने ठरवा. इथे भगीरथ फार उपयोगी पडतो. तोही मंडळातलाच, प्रेमभंगाने दारूकडे वळलेला, पण तो बाहेर येतो. म्हणजे नाटकाच्या जगात परतीचा रस्ता आहे. सुधाकराला तो चालता येत नाही, कारण परत येताना खाली मान घालावी लागते आणि तेवढंच त्याला जमत नाही. ज्या मानीपणाने त्याला गरिबीतून वर आणलं त्यानेच त्याला खाली ओढलं. आणि शेवट बघा. दारूच्या भरात उगारलेल्या काठीने मूल जातं, सिंधू मरणाच्या दारात आहे, पोलीस आलेत, आणि ती सांगते की मी पडले. वकिलाला त्याच्या आयुष्यातला एकच खरा गुन्हा कोर्टापुढे नेता येत नाही. कायदा त्याला सोडून देतो, म्हणून निकाल तो स्वतःच देतो. माझं स्वतःचं मत शोकात्मिकेच्या बाजूने आहे आणि मी ते लपवत नाही, पण दरवर्षी चार-पाच विद्यार्थी उलट बाजूने इतकं नीट लिहितात की त्यांना जास्त गुण द्यावे लागतात.

तासांचा हिशेब हवा असेल तर ढोबळमानाने असा: सनद आणि अपमान यांना दोन तास, ‘च’ला एक, मंडळाच्या प्रवेशांना दोन, सिंधू-गीताला तीन, सुधाकराच्या परतीच्या धडपडीला दोन, शेवटच्या अंकाला दोन, शोकात्मिकेला दोन. उरलेला एक तास राखून ठेवा, तो कुठेतरी लागतोच. रामलाल आणि शरदचं उपकथानक मी मुलांना घरी वाचायला देते. सुधाकराची बालविधवा बहीण शरद आणि तिच्याकडे ओढल्या जाणाऱ्या रामलालचं स्वतःशी झगडणं महत्त्वाचं आहे, पण पंधरा तासांत त्याला न्याय देता येत नाही.

प्रयोगाचं चित्रण दाखवायचं असेल तर वाचून झाल्यावर दाखवा, आधी नको. गाणं मात्र वाचनाच्या मध्येच ऐकवा. पद्माकर सिंधूला न्यायला येतो तो प्रवेश संपला की मी बालगंधर्वांच्या आवाजातलं ‘कशि या त्यजू पदाला’ लावते. पहिलं मिनिटभर वर्गात चुळबुळ असते, जुन्या तबकडीची खरखर त्यांच्या कानाला सवयीची नसते. मग चुळबुळ थांबते. गाणं संपल्यावर लगेच काही विचारत नाही. फळ्यावर सिंधू आणि गीता अशी दोन नावं लिहून ठेवते आणि कुणीतरी बोलेपर्यंत थांबते. एका वर्षी बराच वेळ थांबावं लागलं. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, पद्माकर तिचा हात धरून तिला नेत का नाही?’ मी काही म्हणायच्या आत तीन मुली एकदम मागे वळल्या, आणि घंटा झाल्यावरही कुणी जागेवरून उठलं नाही.